भिवादादांच्या हाताखालची भिंत

भिवादादा मिरजोळ्याचे. तीस वर्षं रत्नागिरीतल्या भिंतींना पुट्टी भरतायत. बोटांच्या पेरांना चिरा पडल्यात आणि त्यांत पांढरं कायमचं बसलंय. तरी भिंत तपासतात तळहातानेच, डोळे मिटून.

या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या तिन्ही इमारती रंगवायच्या होत्या. माझे यजमान चेअरमन. "आधी घरचं एक काम करा, मग सगळं तुम्हालाच," असं ते भिवादादांना म्हणाले होते. एवढं मोठं काम भिवादादांना जन्मात मिळालं नव्हतं.

घरचं काम म्हणजे तेजलची खोली. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला येणार होती. हौसेने लावलेला वॉलपेपर उचकटला, तर मागे काळी बुरशी. बाळ या खोलीत श्वास कसा घेणार, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर राहीना.

भिवादादांनी वॉलपेपरचा डिंक गरम पाण्याने तीनदा धुतला. मग उघड्या भिंतीवर वहीच्या पानाएवढं प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून गेले. सकाळी त्याच्या आतून थेंब.

"ताई, जांभ्या दगडाची भिंत हाय. पोटात पाणी धरून बसते. दहा दिवस पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा."

"शुक्रवारी तेजल येतेय. सोबत तिच्या सासूबाई. त्यांना ही भिंत दाखवू?"

"ही दाखवा. मागाहून फोड दाखवण्यापरीस बरी."

"जमत नसेल तर सांगा. दुसरा बघते. मग सोसायटीचंही तोच करील."

हे मी बोलले. भिवादादांनी प्लास्टिक घडी करून खिशात घातलं आणि प्राइमरचा डबा उघडला. गुरुवारी भिंत इतकी गुळगुळीत झाली, की मी दोनदा गाल टेकवून पाहिला.

सोमवारी पलंगामागे फोड आले. तेजलच्या सासूबाईंनी, सुनंदाताईंनी, एक नखाने टोचला. पापुद्रा हातात आला.

"कोणाचं हो काम हे?"

यजमान दारातच उभे होते.

"भिवादादांचं," मी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं.

त्याच संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. काम दुसऱ्याला गेलं. मी चहा फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी भिवादादा न बोलावता आले. "माझ्या हाताखालची भिंत अशी ऱ्हायला नको," म्हणाले. तेजलला आमच्या खोलीत हलवून त्यांनी सगळं खरवडलं आणि नवं प्लास्टिक लावलं. रोज सकाळी येऊन बघून जायचे. एकदाच विचारलं, "ताई, घाई कोणाची होती ती साहेबांना सांगितलंत काय?"

"सांगते," म्हटलं.

अकराव्या दिवशी प्लास्टिक कोरडं निघालं. मग त्यांनी पुन्हा पुट्टी ओढली. त्या भिंतीशेजारी आता माझी नात झोपते. रोज हात फिरवते मी. एक खडा लागत नाही.

परवा मासळी बाजाराबाहेर भिवादादा भेटले. हातात रिकामी पिशवी.

"बाळ शिंकत नाय ना?"

"नाही."

"मग झालं," म्हणाले आणि बाजूने निघून गेले.

सोसायटीच्या तिसऱ्या इमारतीचं काम काल संपलं. यजमानांना मी अजून सांगितलेलं नाही.