उंडीखालचा अनंत

आगर गावच्या चंद्रावतीला मासळीबाजारात कुणाची भीती नव्हती. फक्त सकाळी केसांत फूल माळायचं म्हटलं, की तिचा जीव वरखाली व्हायचा. कारण फूल मागायचं ते मोठ्या जावेकडे, निलमकडे. घराच्या वाटणीत उन्हाचं पुढचं अंगण निलमला गेलं आणि चंद्रावतीला आलं परस, त्यातल्या उंडीच्या झाडासकट. उंडी एवढी दाट, की खाली भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटे.

"घे बाई," निलम मोगरा खुडून द्यायची. "तुझ्या परसात डासांशिवाय काय फुलणार?"

चंद्रावती फूल घ्यायची, पण ते दिवसभर डोक्यात टोचायचं.

एकदा घोलवडला मासे विकून येताना ती नर्सरीत शिरली. "सावलीत फुलणारं काहीतरी दे. आणि पानं झडणारं नको." नर्सरीवाल्या धर्मेशने अनंताचं रोप दिलं. "सकाळचं थोडं ऊन मिळालं तरी बस, काकी. पाणी मात्र देत राहा."

पाण्याच्या बाबतीत चंद्रावतीचा हात सढळ. मासे धुतलेलं पाणी म्हणजे झाडाला मेजवानी, हे किनाऱ्यावर शेंबडं पोरही जाणतं. हिने मेजवानीत खारवलेल्या मासळीचं पाणीही वाढलं. पानांच्या कडा करपल्या. नवरा, चंदर, जाळं शिवता शिवता म्हणाला, "झाड लावतेस का लोणचं घालतेस?"

तिने खारी माती उपसली, नवी भरली, आणि पुढे फक्त ताज्या मासळीचं पाणी, तेही पातळ करून. वासावर गावची मांजरं उकरायला आली. तिने बुंध्याभोवती बोरीचे काटे रचले. मग उंडीची पूर्वेकडची फांदी तोडायला सांगितली.

"आणि मी जाळं कुठे टांगू?" चंदर म्हणाला.

"माझ्या डोक्यावर टांग."

फांदी तुटली.

पुढच्या वैशाखात परसातून असा घमघमाट सुटला, की सुक्या बोंबलांच्या त्या गल्लीला आपली ओळख पटेना. चंद्रावती अंबाड्यात पांढरंशुभ्र फूल खोवून, मुद्दाम पुढच्या अंगणातून बाजाराला निघाली.

निलम बघतच राहिली. "एक फांदी दे गं. माझ्याकडे ऊन भरपूर आहे."

"तिथेच तर अडतंय, जाऊबाई. याला दुपारचं ऊन सोसत नाही. तुम्ही फूल न्यायला परसात येत जा."

दुसऱ्या दिवशी निलम खरंच आली. चंद्रावतीने एक मागितलेलं आणि एक वरचं, अशी दोन फुलं दिली, आणि टोमणा एकही मारला नाही. एवढं मोठं मन आता तिला परवडत होतं.