अडुळशाला मुळं फुटली
बाटल्यांत रोपं वाढवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती काचेच्या कपाटापुढे बसून अडुळशाच्या फांदीचे डोळे कापत होती आणि चिमट्याने बाटलीतल्या जेलीत रोवत होती.

नवे संचालक आले ते पदव्यांचं गाठोडं घेऊन. बोटांना मात्र मातीचा डाग नाही. बाटल्यांत कोंब यायचे, पण मुळं काही फुटत नव्हती. संचालकांचा उपाय एकच: मुळांचं औषध दुप्पट करा. पुढच्या महिन्यात पुन्हा दुप्पट. कोंबांच्या बुडाशी नुसते पांढरे गोळे धरले.

"ही प्रगतीच आहे," संचालक म्हणाले.

"गालगुंड झालं की बाळसं धरलं म्हणायचं!" घरी आल्यावर ती नवऱ्याजवळ फणकारली.

दुसऱ्याच दिवशी तिने कुणालाही न विचारता चाळीस बाटल्यांत औषध अगदी चिमूटभर घातलं. तीन आठवड्यांत पांढरीशुभ्र मुळं!

संचालकांनी बाटली उजेडात धरली. "बघा, माझी पद्धत!"

लगेच पाहुणे बोलावले, फोटोवाला आला. रोपं बाटलीतून काढून थेट अंगणात मांडायचा हुकूम सुटला.

"सर, आधी पंधरा दिवस प्लास्टिकखाली दमट हवेत ठेवावी लागतात. उन्हात माना टाकतील."

"बाई, मी यावर प्रबंध लिहिलाय."

मग प्रबंधच मांडा की उन्हात, हे तिने ओठांतच गिळलं. वीस रोपं दिली, वीस शेडमध्ये झाकून ठेवली.

भाषण लांबलं. ते संपेपर्यंत वीसच्या वीस रोपं आडवी झाली. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या माळ्याने एक रोप उचलून विचारलं, "ही पोरं उन्हात कुणी आणली?"

संचालकांनी बेधडक चिमटाबाईकडे बोट दाखवलं. ती माळ्याला शेडमध्ये घेऊन गेली आणि प्लास्टिक वर केलं. आत वीस रोपं टवटवीत उभी होती. माळी हसला. मागोमाग आलेल्या संचालकांना अचानक फोन आला.

पुढे संचालकांचा लेख छापून आला. औषधाचं प्रमाण तेच जुनं, दुप्पटवालं. तिला विचारलं असतं तर जीभ झडली असती? मग ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांतून पत्रं यायला लागली, आमच्याकडे नुसते गोळेच येतात म्हणून. संचालकांनी गठ्ठा गुपचूप तिच्या टेबलावर सरकवला. "जरा बघता का?"

तिने बघितलं. एकूणएक पत्राला उत्तर लिहिलं: लेखातलं प्रमाण चुकलंय, खरं प्रमाण हे. खाली स्वतःची सही ठोकली, आणि एक प्रत संचालकांनाही पाठवून दिली.