खुणेचा शब्द

प्रवासी जहाजाच्या सातव्या मजल्यावर मुलांना सांभाळायच्या दोन खोल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या दाराशी ताई. बाकीचे लोक तिला पाठीमागे कुलूपताई म्हणत. नऊ वर्षांच्या पुढचं मूल आईबापांची सही असेल तर एकटं बाहेर पडे. त्याखालच्याला न्यायला मोठं माणूस हवं, आणि त्या माणसाला अर्जात लिहून दिलेला खुणेचा शब्द सांगता यायला हवा. तोंडओळख चालायची नाही, हे कलम ताईनेच लावून धरलेलं. एकदा घरात भांडण झालेल्या एका बापाने पोर परस्पर उचलून नेलं होतं. दुधाने तोंड पोळलेली ताई तेव्हापासून ताकही फुंकून पीत होती.

लोकांची पोरं राखण्यात सहा वर्षं गेली. स्वतःची साडेआठ वर्षांची लेक घरी मावशीपाशी, म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीपाशी वाढत होती. फोनवर "हो", "नाही", "जेवले" यापुढे पोरीची गाडी सरकत नसे. ताईला ते फार लागायचं.

यंदा घरच्या दोघींना आठवडाभर जहाजावर आणायची परवानगी मिळाली. मावशी-भाची आल्या. पण ताईला काम कुठलं सुटायला? शिवाय स्वतःचं मूल आपल्या गटात घ्यायचं नाही, म्हणून लेक शेजारच्या खोलीत. ताई कामावर, तेव्हा अर्जही मावशीनेच भरला. बघता बघता पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी जहाज बंदराला लागलं आणि ताईला दुपारी तीन तासांची सुट्टी मिळाली. लेकीला घेऊन गावात फिरायचं, तिला पुन्हा आपलंसं करायचं. जे काही व्हायचं ते या तीन तासांतच.

शेजारच्या दारात ताईनेच शिकवून तयार केलेली नवी मुलगी उभी होती.

"शब्द, ताई?"

"अगं, मी आहे."

"तुम्हीच सांगितलंय ना, ओळख चालायची नाही म्हणून."

घ्या! आपलेच दात, आपलेच ओठ. ताईने हसून लेकीच्या बाहुलीचं नाव सांगितलं. नवीने नकारार्थी मान हलवली. मग लेकीचं तान्हेपणीचं लाडाचं नाव. तेही नव्हतं. आत लेक बूट घालून तयार बसली होती.

"ती बाहुली मी कधीच देऊन टाकली," ती म्हणाली. रागाने नाही, नुसती माहिती म्हणून.

ताईने घसा खाकरला. "आई?" तिने विचारल्यासारखं म्हटलं.

नवीने नजर वहीत घातली. "नाही हो, ताई."

दहा मिनिटं ताई दाराबाहेर उभी राहिली. नियम मोडायला सांगावं असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तेवढ्यात मावशी जिना चढून आली. "ताई, तू अजून इथंच?" म्हणत तिने नवीच्या कानात काहीतरी सांगितलं. दार उघडलं.

"कोणता शब्द गं?" ताईने विचारलं.

मावशीने भाचीकडे पाहिलं. भाची म्हणाली, "आमचा आहे तो."

"जा आता आईबरोबर," मावशी म्हणाली.

"तू पण चल ना."

तिघी उतरल्या. बंदरावर गर्दी होती. लेकीचा एक हात मावशीने धरलेला, दुसरा मोकळा. ताई त्याच बाजूने चालत होती. जहाजावर कुणाचंही पोर तिने न विचारता हाताला धरलं असतं. इथे मात्र तिने विचारलं, "धरू का?"

लेकीने आधी मावशीकडे पाहिलं.