रिकामा तळखडा

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात एका सरदाराची लाकडी हवेली आहे. आहे म्हणते, पण आता 'होती' म्हणायची सवय करायला हवी. सरदाराचे वंशज कधीच गाव सोडून गेले. मग तिथं कचेरी भरली, कचेरीनंतर शाळा. पहिली ते चौथी मी त्याच हवेलीत शिकले आणि मला शिकवणारे गुरुजी म्हणजे माझे वडील, आप्पा. शाळेला नवी इमारत मिळाल्यावर हवेलीच्या दारावर संरक्षित वास्तूचा फलक लागला आणि एक पहारेकरी नेमला गेला.

जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढणं हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात पुरातत्त्व खात्याच्या कंत्राटावर तीच हवेली माझ्या वाट्याला आली. मला केवढा आनंद झाला होता!

ही हवेली भिंतींवर उभी नव्हती. कमरेइतकं दगडी जोतं, त्यात बसवलेले दगडाचे तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या, सगळ्यात वर मातीचं छप्पर. भिंती मातीच्या, नुसत्या आडोशापुरत्या. लाकडाला लाकूड खाचेत अडकवलेलं, लोखंडाचा खिळा शोधून सापडायचा नाही. एकेक भिंत ढासळली तरी सांगाडा तसाच उभा राहायचा. खांबांना मात्र धक्का लागता कामा नये.

सोप्यात वर पाहिलं आणि माझ्या हातातली टेप तशीच राहिली. मधली तुळई चार बोटं खाली आली होती. तिच्या पोटाला उभी भेग.

पहारेकरी काकांनी खालची एक शहाबादी फरशी उचलून दाखवली. खाली तळखडा होता. त्यावर खांब नव्हता.

"हितं खांब हुता, ताई. शाळेच्या टायमाला कापला."

"कुणी?"

काका घुटमळले. "आप्पांनीच की तुमच्या."

मग सगळं आठवलं. तिसरीत माझी जागा त्या खांबामागं होती. फळा अर्धाच दिसायचा. एकदा गणितं चुकीची उतरवली म्हणून आप्पांनी मला सगळ्या वर्गासमोर छड्या मारल्या. शाळा सुटल्यावर ते माझ्या जागेवर येऊन बसले आणि बराच वेळ तिथून फळ्याकडं बघत राहिले. पुढच्या सोमवारी खांब नव्हता. आम्ही पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

घरी येऊन मी आप्पांना विचारलं. ब्याऐंशी वर्षांचे आप्पा ताटावरून हात काढून बसले.

"सुतार म्हणाला होता, गुरुजी, यावर भार आहे. मी म्हटलं, एवढी मोठी हवेली, एका खांबानं काय होतंय?" मग हळूच, "पडेल का गं?"

"टेकू दिले तर नाही पडणार, आप्पा."

मी खात्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, फोटो जोडले. फोन केला की एकच उत्तर यायचं. संरक्षित वास्तू आहे, मंजुरीशिवाय आत काठीसुद्धा उभी करायची नाही. प्रस्ताव पाठवला आहे, थांबा. परतीच्या पावसानं छपराची माती भिजून जड झाली. मी रोज सकाळी भेगेवर पेन्सिलीची खूण करायचे आणि दुसऱ्या दिवशी भेग त्या खुणेच्या पुढं गेलेली असायची. आप्पा रोज विचारायचे. एका सकाळी म्हणाले, "मी खांब कापला तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती? जा, लाव टेकू."

मी गेले. स्लॅब टाकणाऱ्या एका गावकऱ्याकडून सेंट्रिंगचे सहा लोखंडी टेकू आणले, काकांनी आणि मी तुळईखाली आवळून बसवले. त्या दिवशी आप्पा पोटभर जेवले.

पाचव्या दिवशी कार्यालयातले साहेब पाहणीला आले. ते वाईट माणूस नव्हते. टेकूंकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, उद्या यानं जोत्याचा दगड फुटला तर कोण उत्तर देणार? काढा. मंजुरी आली की आपण रीतसर करू."

"साहेब, तोवर हे उभं राहायचं नाही."

"मला लेखी आदेश द्यायला लावू नका."

मी काढले. हे मला लिहायलाच हवं. काढले नसते तर कंत्राट गेलं असतं, एवढंच. एकेक टेकू सैल करताना वरून माती खांद्यावर पडत होती. काका काढलेले टेकू भिंतीला लावून ठेवत होते.

अकराव्या दिवशी दुपारी काका जेवायला घरी गेले होते, तेव्हा तुळई तुटली. ती शेजारच्या दोन तुळयांना घेऊन खाली आली, वरच्या मजल्यासकट. मी पोचले तेव्हा धुळीत केळफूल कोरलेले दोन खांब आडवे पडले होते, मोडले नव्हते. मला रडूसुद्धा आलं नाही. त्यांच्यावरची माती हातानं झटकत राहिले.

आप्पांना गावातल्या कुणीतरी आधीच सांगितलं होतं. मी घरी आले तर भिंतीकडं तोंड करून निजलेले. "आप्पा, तुमच्यामुळं नाही. टेकू मी काढले," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. त्यानंतर आजवर त्यांनी हवेलीचं नाव काढलेलं नाही, आणि माझ्याशी जेवणा-औषधापुरतंच बोलतात.

टेकूंची मंजुरी पुढच्या महिन्यात आली. आता मला पडलेल्या लाकडांवर आकडे घालून यादी करायचं काम दिलंय. हे पुन्हा उभं राहणार का, विचारलं की कुणी सांगत नाही. परवा काका हवेलीच्या चौकात उकिडवे बसून माझं आकडे टाकणं बघत होते.

"ताई, मी आता राखायचं काय?"

समोरच्या तुळईवरचा आकडा मी आधी पुरा केला.

"लाकडं राखा," मी म्हटलं. "लोक चुलीला नेतील."