साखरेच्या कंगनाचा फोटो

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. फक्त दोघींना ठाऊक आहे — मला आणि माझ्या मोठ्या जाऊबाईला, शकूताईला. आणि आम्ही एकमेकींशीही त्यावर कधी बोललो नाही.

आमचं घर लिंबायतला, साड्यांच्या कारखान्यांच्या वस्तीत. मी फोटोग्राफीचा क्लास लावला तेव्हा सासूबाई नाक मुरडायच्या. त्यात होळीच्या आधी क्लासचे गुजराती सर म्हणाले, एक दिवस फोटो काढायला रेल्वेने तापी लाइनला जाऊ, पळस फुललाय. परक्या बाप्यांसोबत एकटी सून? नावच काढायला नको. शेवटी शकूताईच म्हणाली, मी जाते सोबत. साड्यांचे सुटे धागे कापायचं तिचं काम तिने बाजूला ठेवलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधल्या आणि निघाली. ती नसती तर मी उंबरा ओलांडला नसता.

व्याऱ्याच्या पुढे एका लहानशा स्टेशनावर उतरलो. रुळांपासून लांब, शेताच्या कडेला उभे राहिलो. पॅसेंजर येताना दिसली आणि नेमका माझ्या पायात बाभळीचा काटा घुसला. मी कॅमेरा ताईच्या हातात दिला. बघ आणि दाब, एवढंच म्हटलं.

तिने दाबलं — एकदाच. होळीला गावी निघालेल्या कुणा म्हातारीचा हात खिडकीबाहेर, मनगटात होळीचं साखरेचं कंगन, मागे लालभडक पळस. कसं जमलं तिला? आयुष्यभर धागा नेमका कापलेला हात तो. पण तेव्हा माझ्या मनात कौतुक नव्हतं. पोटात दुखलं माझ्या.

सरांनी फोटो पाहिला. "आ कोणे पाड्यो?" — कोणी काढला हा? ताई चार पावलांवर डबा आवरत होती. मी म्हणाले, मी. तिने ऐकलं. डब्याचं झाकण लावलं.

त्याच फोटोवर मला पर्वत पाटिया भागात साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढायचं काम मिळालं. सात वर्षं झाली. मी कामावर जाते ते ताई माझ्या पोरीला सांभाळते म्हणून. तिचे उपकार मी तोंडदेखले सांगत नाही. माझ्या घासाघासात ते आहेत.

पण इथवरचं सांगणं सोपं होतं — खरं पुढेच आहे. एकदा ताई म्हणाली, "माले बी शिकाड ना वं." मी काय म्हणाले असेन? ताई, तुला चष्मा, तुला नाही जमायचं. तिला जमतं हे मला माहीत होतं — म्हणूनच म्हणाले ना? ती "बरं माय" म्हणाली आणि कात्री उचलली. पुन्हा कधी विचारलं नाही.

फोटो घरात लावलाय, खाली माझं नाव आहे. दर होळीला ताई त्याची काच पुसते आणि आल्यागेल्याला सांगते, "हाऊ आमनी धाकलीनी काढेल शे." मी तिथंच असते, चहा देत.

धाकलीने नाही काढला. शकूताईने काढला.