भावोजी बसत का नव्हते

माझ्या मेडिकलच्या दुकानात मूळव्याधीचं मलम स्वतःसाठी कोणीही मागत नाही. बिबवेवाडीत बावीस वर्षं दुकान चालवतोय. मलम नेहमी मित्राला हवं असतं, शेजाऱ्याला हवं असतं, नाहीतर गावाहून आलेल्या काकांना. सर्दीचं औषध माणूस शिंकत शिंकत हक्काने मागतो, पण इथे मात्र आवाज खाली जातो आणि नजर खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीकडे. मला या प्रकाराचा मनस्वी संताप येतो. अहो, दुखणं तुमचं आणि बदनामी त्या बिचाऱ्या मित्राची?

म्हणून मागच्या श्रावणात माझे सख्खे भावोजी, गोपाळकृष्ण आठल्ये, शुक्रवार पेठेतून निघून वाटेतली झाडून सगळी मेडिकल ओलांडून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आनंद, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला जरा मलम हवंय," तेव्हा मी सोडलं नाही.

"कुठल्या ऑफिसातल्या? तुम्ही रिटायर होऊन तीन वर्षं झाली."

"जुना सहकारी आहे."

"बरं. बसा तरी." मी स्टूल पुढे केलं.

"नको, उभाच बरा."

"सहकारी, की तुम्ही?"

भावोजींनी दुकानात दुसरं कोणी नाही ना ते पाहिलं. "पुडी बांध. आणि श्यामलेला कळता कामा नये. तुला तुझ्या बहिणीची शपथ आहे."

बहिणीपासून लपवायचं, त्यासाठी शपथ बहिणीचीच! पण हे भावोजींच्या स्वभावाला धरूनच होतं. कॉलेजच्या ऑफिसात चौतीस वर्षं त्यांनी एकाच लाकडी खुर्चीवर काढली आणि त्या खिडकीतून एकाही विद्यार्थ्याला पहिल्या फेरीत दाखला मिळू दिला नाही. दिवसाला पाणी फुलपात्रभर, फार तर दोन. का, तर जास्त प्यायलं की सारखं जागेवरून उठावं लागतं. रोज सकाळी सहा दहाला वर्तमानपत्र घेऊन संडासात शिरायचे ते सहा पन्नासला अग्रलेख, वाचकांची पत्रं आणि छोट्या जाहिराती संपवून बाहेर. निवडायला वेळ जातो म्हणून मंडईतून पालेभाजी कधी घरी आणली नाही. असा शिस्तीचा माणूस उन्हाळ्यात एके दिवशी खाली लालभडक रक्त पाहतो आणि कोणालाही काही सांगत नाही. पुढचे चार महिने त्याने स्वतःवर प्रयोग केले. उकडलेला सुरण झाला, जिऱ्याचं ताक झालं, बोटात तांब्याची अंगठी आली. शेवटी भिंतीवरची जाहिरात वाचून कुठल्याशा खात्रीशीर पुड्या आणल्या. त्यांनी तीन दिवस असे काही जुलाब झाले की वर्तमानपत्र उघडायलाही फुरसत मिळाली नाही. रक्त मात्र थांबलं नाही.

हे असंच चाललं असतं, पण भाचीचं लग्न ठरलं. ऋचा ही त्यांची एकुलती एक मुलगी, हिंजवडीत नोकरीला. तारीख डिसेंबरातली धरली. दसऱ्यानंतर गुरुजी घरी आले, त्या बैठकीला मी होतो. भावोजी खिडकीला टेकून उभे होते.

"यजमान आणि यजमानीणबाई, दोघांनी पाटावर बसायचं," गुरुजींनी सांगितलं. "पुण्याहवाचनापासून कन्यादानापर्यंत धरा तीन तास. मध्ये उठायचं नाही."

माझ्या बहिणीच्या, श्यामलाताईच्या, चेहऱ्यावर नुसतं चांदणं पडलं. ऋचा पाळण्यात होती तेव्हापासून ते चित्र तिच्या डोळ्यांसमोर होतं. हे ओंजळ धरतील, शेजारी बसून मी झारीने पाण्याची धार धरीन. तिला लग्नातलं दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं.

भावोजींनी मात्र कोपऱ्यातल्या लाकडी पाटाकडे पाहिलं. तीन तास! कपाळावर घाम आला. आणि त्यांच्या तोंडून भलतंच वाक्य बाहेर पडलं.

"कन्यादान होणार नाही. मुलगी म्हणजे दान द्यायची वस्तू नव्हे."

मग ऋचा धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडून रडायला लागली. "बाबा, मला हेच हवं होतं. तुम्हांला कसं सांगू तेच कळत नव्हतं!"

दुखणं सांगायची लाज वाटते म्हणून समाजसुधारक होणारा माणूस पुण्यातच निघायचा. संध्याकाळपर्यंत ते वाक्य ऋचाच्या स्टेटसला झळकलं. व्याह्यांनी फोन करून अभिनंदन केलं. आठवड्याभरात पेठेतल्या महिला मंडळाने व्याख्यान ठेवलं. भावोजी सव्वा तास उभ्याने बोलले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. या वयात केवढी ही तळमळ, असं अध्यक्षीणबाई समारोपात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या दुकानात आली आणि गल्ल्यामागे येऊन चक्क रडली.

"विचार चांगला आहे रे, मी कुठे नाही म्हणते? पण ह्यांना माझ्या शेजारीच बसायचं नाहीये. सोफ्यावर बसत नाहीत, रिक्षाने कुठे नेत नाहीत, नाटकाची तिकिटं परत केली. जेवायला बसतात ते दोन घास खाऊन उठतात. तीन वर्षं दिवसभर माझं तोंड बघून कंटाळले असतील."

मला ठाऊक होतं सगळं आणि तोंडाला शपथेचं कुलूप. माझ्या बहिणीला मी असं रडताना आई गेली तेव्हाच पाहिलं होतं. भावोजींचा मला इतका राग आला की दुपारी दुकान बंद करून मी तडक त्यांच्याकडे गेलो. "शपथ पाळतोय, पण उद्या डॉक्टरकडे यायचं. नाहीतर शपथ गेली खड्ड्यात, मी सांगून मोकळा होतो!"

ते तयार झाले, एका अटीवर. डॉक्टर विश्रांतवाडीचा हवा, तिकडे ओळखीचं कोणी भेटणार नाही. डॉक्टर निघाल्या प्रियदर्शनी, अकोल्याच्या, बोलायला एकदम मोकळ्या. बाई पाहून भावोजी परत वळले होते, मी दारात उभा राहिलो.

"संडासात किती वेळ बसता, काका?"

"चाळीस मिनिटं."

"करता काय तिथे इतका वेळ?"

"अग्रलेख वाचतो."

"अग्रलेख बाहेर वाचा ना. आत पाच मिनिटं, बस. जोर नाही करायचा."

तपासून त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्या फुगतात, ती मूळव्याध. पहिल्या पायरीत फक्त रक्त जातं. दुसरीत कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत बोटाने ढकलावा लागतो, चौथीत बाहेरच राहतो. भावोजी दुसरीत होते. पालेभाजी, फळं, इसबगोल, भरपूर पाणी आणि कोमट पाण्याच्या टबात बसून शेक, यावर पुष्कळांचं भागतं. न भागल्यास कोंबाच्या मुळाशी रबरी रिंग बसवतात, तो सुकून गळून जातो. ऑपरेशनची पाळी त्यापुढची.

"पण रिंग नंतर," त्या म्हणाल्या. "साठीनंतर इतके महिने रक्त जातंय, तर ते मूळव्याधीचंच आहे असं धरून नाही चालत. आधी दुर्बिणीने मोठं आतडं बघू. काहून लपवून ठेवलं इतके दिवस?"

भावोजींचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते लाजत होते तितकेच घाबरलेलेही होते. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मलाही जेवण गेलं नाही. रिपोर्ट स्वच्छ आला. मग रिंगा बसवल्या, दोन-तीन दिवस जडपणा, आठवड्याने थोडं रक्त, आणि महिन्याभरात भावोजी माझ्या स्टुलावर बसून चहा प्यायले.

बसता यायला लागलं, पण आता सुधारणा कशी परत घ्यायची? ऋचाने पत्रिकेतसुद्धा छापलं होतं की कन्यादान होणार नाही. ताई हसून सगळ्यांना वाढत होती आणि दिवसेंदिवस गप्प होत होती.

लग्नाआधी आठ दिवस मी केळवण केलं. घरचीच माणसं होती. श्रीखंड वाढून झालं आणि ऋचा म्हणाली, "मामा, मला एक बोलायचंय. माझ्या बाबांसारखे विचार..."

"थांब," भावोजी म्हणाले. "विचार नव्हता तो. मला मूळव्याध होती. पाटावर बसता आलं नसतं."

माझ्या बायकोच्या हातातला श्रीखंडाचा डाव खाली पडला.

"म्हणजे वस्तू नव्हे वगैरे सगळं खोटं होतं?" ऋचाने विचारलं.

"बोललो तेव्हा खोटं होतं. तू गळ्यात पडून रडलीस तेव्हा कळलं की खरं आहे. पण दुखलं नसतं ना, तर तुला दान करून मी मोकळा झालो असतो आणि मला काही वाटलंही नसतं. त्याची मला फार लाज वाटते."

ताईने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणून बसत नव्हता तुम्ही माझ्याजवळ? मला वाटलं, कंटाळलात मला."

"कंटाळलो? तुला?" इतक्या महिन्यांत हे भावोजींच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. "अगं, रक्त पाहिलं त्या दिवशी वाटलं, आपण काही आता राहत नाही. तुला कसं सांगणार?"

"मला नाही तर कोणाला सांगणार होता?"

"आनंदला सांगितलं."

मग ताईने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी श्रीखंडाची दुसरी वाटी मागितली नाही.

लग्नात कन्यादान झालं नाही. पण आईबाबांनी पाटावर बसायचंच, असं ऋचाने गुरुजींना बजावलं. बाकीचे विधी झाले, तीन तास झाले, गुरुजींनी "उठा आता" म्हटलं. भावोजी जागचे हलले नाहीत. मी खाली वाकून विचारलं, "भावोजी, दुखतंय का परत?"

"नाही रे," ते हळूच म्हणाले, "हिने हात धरलाय."