सातव्या फडक्यातला घोडा

अंधेरी स्टेशनबाहेर, पूर्वेला, सकाळी नऊ वाजता एकच टांगा उभा होता. मरोळला एका म्हाताऱ्या चाबूकस्वाराकडे (घोडे शिकवणारा) त्याच्या आजोबांच्या काळची चित्रे आहेत, एवढेच ऐकून मी ती बघायला निघालो होतो. टांगेवाला कासम रत्नागिरीकडचा. पत्ता सांगताच म्हणाला, "आबांकडे? बसा साहेब. शेजारीच आमचे."

चकाल्यानंतर घरे विरळ झाली. दिवाळी नुकतीच सरली होती आणि कापलेल्या शेतांत भाताच्या पेंढ्या पडल्या होत्या. एका मोरीपाशी घोडा थांबला तो हलेना. कासम उतरला. चाबूक टांग्यातच ठेवून त्याने लगाम सैल धरला आणि घोड्याकडे पाठ करून शेताकडे बघत उभा राहिला.

"हाणत का नाहीस?"

"हाणला की तो जिंकला. तुम्ही पण बघू नका त्याच्याकडं."

थोड्या वेळाने घोड्याने आपणहून पुढे येऊन त्याच्या खांद्याला तोंड लावले. टांगा निघाला.

आबांचे घर दोन खोल्यांचे, कौलारू. संस्थान विलीन झाले, पागा मोडली आणि ते मुलाकडे इथे आले. मुलगा कामावर गेला होता. सून सुशीलाबाईंनी माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिले. आबा हसून म्हणाले, "घ्या, लाजू नका. हुलगे घोड्यांना घातले, आम्हीही खाल्ले. दोघांचे दात शाबूत!"

चित्रे बारा, प्रत्येक वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली. काळी रेघ, कुठेकुठे गेरूचा हात. पहिल्यात शिंगरू तळहातावरचे मीठ चाटते आहे. तिसऱ्यात कावा (लांब दोरीवर गोल फिरवणे) चालला आहे. सहाव्यात स्वार प्रथमच पाठीवर चढतो आहे, पण बसलेला नाही. पोत्यासारखा आडवा पडला आहे.

सातवे फडके उलगडले. आत काही नव्हते.

आबांनी ते झटकले, पुन्हा झटकले. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाचे अधिकारी येणार होते. चित्रे घ्यायची तर पूर्ण संच, असे त्यांनी आधीच कळवले होते. घराला वाळवी लागलेली; पेटीचा एक कोपरा तिने खाल्ला होता.

"अकरांना कोण विचारतो?" आबा म्हणाले. "एका पावसाळ्यात माती होईल सगळ्याची."

सुशीलाबाई भिंतीला टेकल्या. घराची रीत अशी, की दसऱ्याला एक चित्र जित्या घोड्याला दाखवून दोघांची पूजा करायची. यंदा आबा तापाने पडून होते, म्हणून त्या एकट्याच गेल्या होत्या.

"कासमभाईंच्या घोड्यापुढे मांडलं, मामंजी. मग घाईत फडकं तसंच गुंडाळून आणलं. चित्र आतच आहे असं धरून चालले मी."

"सातव्यात काय होते?" मी विचारले.

"अडलेला घोडा. आणि चाबूकस्वार त्याच्याकडे पाठ करून उभा."

मी दाराबाहेर जाऊन कासमला हाक मारली.

त्याने गाडीची गादी उचलली. खालच्या खणात, लायसनच्या कागदाशेजारी, चित्र नव्या तांबड्या कापडात बांधलेले होते. येताना मी त्यावरच बसलो होतो.

"अरे, विचारायचंस तरी!" आबा ओरडले.

"काय विचारू, आबा? वहिनींनी वर आपट्याची पानं ठेवली, म्हणाल्या, सोनं घ्या. दसऱ्याचं सोनं कोण परत करतो? मला वाटलं, पानं पण माझी, कागद पण माझा."

सुशीलाबाई आधी हसल्या. मग पदराने डोळे पुसले. आबांनी चित्र उजेडात धरले. एका कोपऱ्यात गवताची काडी चिकटली होती, बाकी रेघ न् रेघ जागेवर. त्यांनी ते फडक्यात घातले आणि फडके बराच वेळ मांडीवरच ठेवले.

मोरीपाशी कासम घोड्याकडे पाठ करून कसा उभा राहिला, ते मी सांगितले. "ह्यात बघून शिकलास?" त्यांनी कासमला विचारले.

"दुसरं कोण शिकवणार? तुम्ही तर तापात होता."

"डावा खांदा थोडा खाली ठेव. चित्रात आहे, नीट बघितलं नाहीस."

परतताना त्याच मोरीपाशी घोडा पुन्हा अडला. गादीखाली आता फक्त लायसन होते. कासम उतरला, पाठ फिरवली आणि डावा खांदा थोडा खाली केला. मी शेताकडे बघत राहिलो. कासमच्या मागून टापांचा आवाज आला.